मातीचा मुद्रांक आणि पत्र्यावरचा ताम्रपट : बी.ए.च्या वर्गात इतिहास हातानं शिकवताना

इतिहासाच्या वर्गात 'प्रकल्प' म्हटलं की थर्माकोलचा रायगड येतो, नाहीतर कार्डशीटवर चिकटवलेली अजिंठ्याची छायाचित्रं. पोरं रात्र जागून करतात, प्राध्यापक गुण देतात आणि वस्तू कपाटावर धूळ खात पडते. इतिहासाचा नवा प्रश्न त्यातून एकही निघत नाही. थर्माकोल कापताना जी अडचण येते ती थर्माकोलची असते, रायगड बांधणाऱ्यांची नसते.

म्हणून वस्तू निवडताना एकच कसोटी लावावी: ती बनवताना विद्यार्थ्याचा हात जिथे अडेल, तिथेच मूळ कारागिराचा हातही अडला असला पाहिजे. ही कसोटी लागत नसेल तर सरळ व्याख्यान द्यावं, चिखल करू नये.

नागपूरच्या महाविद्यालयांना या कसोटीवर उतरणारा विषय पन्नास किलोमीटरच्या आत मिळतो. वाकाटक राजघराण्याची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. राज्य पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेज यांच्या २०१५ ते २०१८ मधल्या उत्खननात तिथे प्रभावतीगुप्तेच्या नावाचा मातीचा मुद्रांक, म्हणजे ओल्या मातीत उमटवलेला शिक्क्याचा ठसा, सापडला. अंडाकृती, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांब, ब्राह्मीत नाव आणि शंखाचं चिन्ह. प्रभावतीगुप्ता गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. नवरा गेल्यावर मुलं लहान असताना तिनं राज्य सांभाळलं आणि स्वतःच्या नावानं दानपत्रंही दिली. मुद्रांक आणि ताम्रपट या दोन वस्तू वर्गात करता येतात, स्वस्तात होतात, आणि दोन्हींत हात बरोबर त्याच जागी अडतो.

माहुरझरीचे मणी किंवा जुनापाणीच्या शिळावर्तुळांतल्या दगडांवरचे वाटीसारखे खळगे हेही विषय चांगले आहेत, पण अकीकाला भोक पाडायला सत्र पुरत नाही. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली म्हणून कॉलेजच्या मैदानात भट्टी लावायचा मोह कुणाला झालाच, तर तो आवरावा.

वेळापत्रक आणि सामान

सहा तासिका लागतात, त्यांतल्या दोन जोडून घ्याव्यात. चाळीस विद्यार्थी धरले आहेत. वर्गात शंभर असतील तर दोन तुकड्या करा. एकाच वेळी शंभर हातांत माती देऊ नका.

ऋतू पाहून तारखा ठरवा. नागपुरात जुलै-ऑगस्टमध्ये मातीचा तुकडा आठवडाभर ओलाच राहतो आणि मार्चअखेरीपासून तो दोन तासांत वरून वाळून आतून ओला राहतो, म्हणजे तडकतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सत्रामुळे मार्चच गाठावा लागला तर तुकडे ओल्या (टपटपत्या नव्हे) गोणपाटाखाली पहिला दिवस झाकून ठेवा.

चार किलो शाडू किंवा कुंभाराची गाळलेली माती घ्या. गणपतीच्या आधी महालातल्या चितार ओळीत मूर्तिकारांकडे विचारलं तर मळलेली तयार माती मिळू शकते. ती घेणंच शहाणपणाचं, कारण कोरडी पूड आणून भिजवली तर मुरायला किमान दोन दिवस द्यावे लागतात. प्लास्टर ऑफ पॅरिस एक किलो, ताजं. उघड्या पोत्यातलं जुनं प्लास्टर हवेतली ओल पिऊन बसलेलं असतं, ते नीट घट्ट होत नाही. शिवाय रिकाम्या काडेपेट्या चाळीस, ट्रेसिंग पेपर, ४बी पेन्सिली, सुतळी, टाल्कम पावडर, दाभण किंवा जाड सुया, आणि शाई संपलेली बॉलपेनं. शेवटची वस्तू विद्यार्थ्यांकडूनच मागवा, ढीग जमेल.

पत्रा ०.२ मिलिमीटर जाडीचा, तुकडे १६ × ८ सेंमीचे. अ‍ॅल्युमिनियमचा असा तुकडा सुमारे ७ ग्रॅम भरतो, तांब्याचा २३ ग्रॅमच्या आसपास. चाळीस तुकडे तांब्याचे घेतले तर एक किलोला थोडं कमी तांबं लागतं, आणि ते वजनावर मिळतं. म्हणून सगळ्यांनी अ‍ॅल्युमिनियमवर करावं आणि एखाद्याच गटाला तांब्याचा संच द्यावा. इतवारीत धातूच्या दुकानातून पत्रा कापूनच घ्या. वर्गात कात्रीनं कापलेली कड वेडीवाकडी आणि धारदार होते. कापून आणलेल्या कडाही २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून बोथट करायच्या, मगच वाटायच्या.

पहिली तासिका: शब्द आणि साचा

सुरुवातीची वीस मिनिटं दोन शब्द वेगळे करण्यात घालवा. कोरलेला तो शिक्का, मातीत उमटतो तो मुद्रांक. नगरधनला मिळाला तो मुद्रांक आहे, शिक्का नव्हे. विद्यार्थी हा घोळ परीक्षेपर्यंत घालतात. घर-जमिनीच्या खरेदीत आपण आजही 'मुद्रांक शुल्क' भरतो आणि निर्णयावर 'शिक्कामोर्तब' करतो, एवढं सांगितलं की फरक डोक्यात बसतो.

मग साचा. काडेपेटीच्या आतल्या खोक्याला आतून सेलोटेप लावा, नाहीतर पुठ्ठा पाणी पिऊन फुगतो. एका खोक्याला २५ ग्रॅम प्लास्टर आणि १७ मिलिलिटर पाणी. पाण्यात प्लास्टर घालायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही. उलट केलं की गुठळ्या होतात. एका वेळी आठ-दहा खोक्यांपुरतंच कालवा, कारण पाच-दहा मिनिटांत ते आवळतं. घट्ट व्हायला लागलेल्या प्लास्टरमध्ये पाणी घालून ते पातळ करणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात निघतो. असा ठोकळा नंतर कोरताना भुसभुशीत निघतो. ओतल्यावर खोकं टेबलावर चार-पाचदा आपटलं की हवेचे बुडबुडे वर येतात. उरलेलं प्लास्टर बेसिनमध्ये धुऊ नका. ते नळीत जाऊन दगड होतं, आणि मग प्रयोगशाळेचे सहायक पुन्हा कधी बेसिन देत नाहीत.

दुसरी तासिका: उलटं कोरणं

ठोकळा अजून दमट असतानाच कोरायला घ्या, म्हणजे तो साबणासारखा कापला जातो. ओतून तास-दोन तास झालेले असावेत. दुसऱ्या दिवशी कोरायचं असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. कोरडा झाला की अक्षरांच्या कडा ढपल्यासारख्या उडतात.

मजकूर एवढाच: वर शंख, खाली दोन ओळींत ब्राह्मीतलं 'प्रभावतीगुप्ता'. सहा अक्षरं, तीन-तीनच्या दोन ओळी. अक्षरतक्ता फळ्यावर काढू नका, छापून हातात द्या. फळ्यावरून उतरवताना शिक्षकाच्या चुका चाळीस जणांच्या होतात.

ट्रेसिंग पेपरवर नाव सरळ लिहायचं, ४बी पेन्सिलनं, दाबून. मग कागद पालथा घालून पेन्सिलची बाजू ठोकळ्यावर टेकवायची आणि मागून नखानं घासायचं. ठोकळ्यावर नाव उलटं उमटतं, म्हणजेच बरोबर. ते वाचता येत नाही म्हणून निम्मे विद्यार्थी बिथरतात आणि कागद सुलटा करून पुन्हा घासतात. त्यांना थांबवू नका. मातीत उमटलेलं उलटं नाव पाहूनच त्यांना कळेल, आणि त्यातून पुढचा प्रश्न आपसूक निघतो: मूळ शिक्का कोरणाऱ्याला वाचता येत होतं का, की तोही असाच आकार उतरवत होता?

रेषा एक मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर खोल असावी. कमी खोल रेषा मातीत धड उमटत नाही. जास्त खोल रेषेत माती अडकते आणि निघताना अक्षर तोडून घेऊन येते. रेषेच्या बाजू सरळ उभ्या न ठेवता किंचित तिरप्या ठेवा, व्ही अक्षरासारख्या.

काडेपेटीचा ठोकळा पाच सेंटिमीटर लांब आहे, मूळ मुद्रांकाच्या दीडपट. हे मुद्दाम. मूळ आकारात नवशिक्याच्या सहा अक्षरांचा गोळा होतो. काम संपल्यावर मात्र मूळ माप कागदावर काढून शेजारी ठेवायला सांगा. कारागिराच्या कौशल्यावर दहा मिनिटं बोलण्याची गरज मग उरत नाही.

तिसरी तासिका: मुद्रांक, आणि तो का टिकतो

शिक्का आता पूर्ण कोरडा हवा, किमान दोन दिवसांचा. दमट प्लास्टर मातीला धरून ठेवतं. त्यावर टाल्कमची पुरचुंडी हलकेच आपटा.

मुद्रांक टेबलावर सुटा करायचा नाही, हा या तासिकेचा गाभा आहे. दोन पुठ्ठ्यांमध्ये एक चिठ्ठी ठेवून ती सुतळीनं बांधा, गाठीवर २५ ग्रॅम मातीचा गोळा दाबा आणि त्यावर शिक्का उमटवा. माती कानाच्या पाळीइतकी मऊ हवी. बोटाला चिकटत असेल तर वर्तमानपत्रावर दहा मिनिटं मळा. दाबताना कडेला चिरा पडत असतील तर बोट ओलं करून पुन्हा मळा. शिक्का सरळ खाली दाबायचा, डोलवायचा नाही. डोलवला की अक्षर दुहेरी उमटतं. प्रत्येकानं तीन करायचे.

मग पुड्या गटांत अदलाबदल करा आणि आव्हान द्या: मुद्रांक न मोडता आतली चिठ्ठी काढून वाचा. कुणी सुतळी सैल करतं, कुणी मुद्रांक ओला करून उचलायला बघतं. वीस मिनिटांत विद्यार्थ्यांना कळतं की मुद्रांक हे कुलूप नाही, छेडछाड झाली की नाही हे सांगणारी खूण आहे. आणि तो उघडताना मोडायचाच असतो. मग एका जागी सापडलेल्या मुद्रांकाचा अर्थ काय लावायचा? पत्र तिथून निघालं, की तिथे येऊन फोडलं गेलं? हा प्रश्न विद्यार्थ्यांकडून यावा. शिक्षकानं आधीच सांगून टाकला तर तासिका वाया गेली.

वाळलेला मुद्रांक उलटा करून पाहायला सांगा. मागे सुतळीचा पीळ आणि गाठीचा खड्डा दिसतो. उत्खननातल्या मुद्रांकाची मागची बाजू म्हणूनच पुढच्याइतकी महत्त्वाची: तो कापडावर होता, लाकडावर की दोरीवर, हे तीच सांगते. संग्रहालयाच्या कपाटात नेमकी ती बाजू खाली असते.

माती वाळताना साधारण पाच ते आठ टक्के आक्रसते. नक्की किती, हे दुकानदाराला विचारून कळत नाही. मातीची पट्टी करून तिच्यावर बरोबर १० सेंमीची रेघ ओढा आणि वाळल्यावर पुन्हा मोजा. ९.४ भरली तर सहा टक्के. यावरून मुद्रांकाच्या मापातून हरवलेल्या शिक्क्याचं माप काढता येतं. गणिताला घाबरणारे इतिहासाचे विद्यार्थी हे मात्र आनंदानं करतात.

आता भाजणं. तीन मुद्रांकांपैकी एक कच्चा ठेवा, दोन भाजा. रसायनशास्त्र किंवा भूगर्भशास्त्र विभागात मफल फर्नेस (विजेची बंद भट्टी) असते, ती मागा. तुकडे किमान आठवडाभर वाळलेले हवेत. तासाला १०० अंशांनी २०० अंशांपर्यंत जा, तिथे एक तास थांबा, मग ७०० अंशांपर्यंत चढवून तासभर ठेवा आणि दार न उघडता रात्रभर गार होऊ द्या. घाई केली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन तुकडे फुटतात. लोक दोष मातीला देतात. सुतळी जळून जाते आणि तिच्या जागी पोकळी राहते, तीही नोंदवून ठेवावी.

दुसऱ्या दिवशी कच्चा मुद्रांक पाण्याच्या पेल्यात टाका. शाडू बहुधा अर्ध्या तासाच्या आत गाळ होऊन बसतो. भाजलेला तसाच राहतो. म्हणजे विदर्भातले दीड हजार पावसाळे काढून आपल्यापर्यंत येण्याची खरी शक्यता भाजलेल्या मुद्रांकालाच, मग तो मुद्दाम भाजलेला असो वा आगीत सापडलेला. दफ्तरात एकेकाळी किती असतील आणि हाती किती आले, यावर इथे थांबून बोला.

चौथी आणि पाचवी तासिका, जोडून: ताम्रपट

चार जणांचा एक गट, एका गटाला तीन पानांचा संच. एकाहून जास्त पानांच्या ताम्रपटात पहिल्या आणि शेवटच्या पानाची बाहेरची बाजू सहसा कोरी असते, म्हणजे घासून मजकूर जात नाही. तीन पानांत लेखनाच्या बाजू होतात चार, प्रत्येकाला एक.

पातळ पत्र्याची खोड अशी की एका बाजूला दाबलेलं अक्षर दुसऱ्या बाजूला उठून दिसतं. मधल्या पानावर दोन्हीकडे मजकूर असल्यानं तिथे सगळा गोंधळ होतो. त्यामुळे मधलं पान दोन पत्रे पाठीला पाठ चिकटवून करा. म्हणूनच एका गटाला तीन नव्हे, चार पत्रे लागतात. मूळ ताम्रपट जाड असत. त्यांना हा उपाय लागत नव्हता, वजन मात्र पडत होतं.

क्रम असा: आधी पानं ओवणाऱ्या कडीसाठी भोकाची जागा (डाव्या कडेपासून दीड सेंमी आत, उंचीच्या मध्यावर), मग समास, मग एकेक सेंटिमीटरवर सहा ओळी, आणि सगळ्यात शेवटी अक्षरं. भोक नंतर पाडायचं ठरवलं की ते नेमकं एखाद्या गावाच्या नावातून जातं. ओळीत साधारण सोळा अक्षरं बसतात, म्हणजे एका बाजूवर ९६. पत्र्याखाली जुनं वर्तमानपत्र आठ पदरी घाला किंवा रबरी चटई घ्या. कठीण टेबलावर रेष उमटत नाही, फार मऊ गादीवर पत्रा फाटतो.

मजकूर विद्यार्थ्यांनी रचायचा, पण साच्यात. वाकाटकांच्या दानपत्रांत 'दृष्टम्' हा पाहिल्याचा शेरा येतो. मग दान कुठून दिलं ते ठिकाण, वंशावळ, दान घेणारा, गाव आणि त्याच्या सीमा, सवलती, मोडणाऱ्याला शाप, वर्ष. सवलतींवर रेंगाळा. 'अभटच्छत्रप्रावेश्यः' म्हणजे राजाच्या शिपायांनी आणि छत्रधाऱ्यांनी त्या गावात शिरायचं नाही. मीठ, गवत, चामडं, कोळसा यांबद्दलच्या सुटीही यादीत येतात. ज्यातून सूट द्यावी लागते ते इतर गावांकडून घेतलं जात होतं, हे विद्यार्थ्यांना ९६ अक्षरांची काटकसर करताना लवकर उमगतं. काय गाळायचं यावर गटात भांडण होतं, ते होऊ द्या.

लांब मजकूर देवनागरीतच लिहू द्या. देवनागरीच्या डोक्यावर चौकोन काढून 'वाकाटक लिपी' करण्याचा प्रकार कटाक्षानं टाळा. त्यातून काही शिकायला मिळत नाही आणि ते खोटं दिसतं. खरी पेटिकाशीर्षक ब्राह्मी ठेवायची ती कडीला अडकवायच्या मुद्रेपुरती, म्हणजे राजाच्या मोहरेपुरती. प्रभावतीगुप्तेचा मुलगा दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटांत अक्षराच्या डोक्यावर लहान चौकोनी पेटी असते. एका अक्षराची नुसती पेटी करायला चार फटके लागतात. पेटीसह आणि पेटीशिवाय एकेक ओळ काढून वेळ मोजा. एवढा जादा वेळ कुणी का देईल, हे टिपणासाठी.

मुद्रेवरचा श्लोक आठ-आठ अक्षरांच्या चार चरणांचा आहे. प्रवरसेनाचा असा:

वाकाटकललामस्य क्रमप्राप्तनृपश्रियः ।
राज्ञः प्रवरसेनस्य शासनं रिपुशासनम् ॥

प्रभावतीगुप्तेच्या पुणे ताम्रपटावर पहिला, दुसरा आणि चौथा चरण हेच. तिसरा बदलतो: 'युवराजाच्या आईचं' अशा अर्थानं 'जनन्या युवराजस्य'. निम्म्या गटांना एक मुद्रा द्या, निम्म्यांना दुसरी, आणि फरक सांगू नका. कोरून झाल्यावर दोन्ही शेजारी ठेवल्या की तीन चरण तेच आणि एक वेगळा, हे कुणीतरी ओरडून सांगतंच. राजाचं नाव जिथे असायचं त्या आठ अक्षरांत तिनं स्वतःचं नाव घातलं नाही, युवराजाची आई म्हणवून घेतलं. पण त्याच ताम्रपटात वंशावळ मात्र माहेरची, गुप्तांची दिली आहे. आणि नगरधनच्या मुद्रांकावर तर तिचं नाव सरळ आहे. तिन्ही गोष्टी एका टेबलावर आल्यावर 'राणीची सत्ता' या प्रश्नाची चर्चा पुस्तकातल्या एका परिच्छेदापाशी थांबत नाही.

सहावी तासिका: दुसऱ्याचं वाचणं

पत्र्यावर पातळ कागद ठेवून आडव्या पेन्सिलनं घासलं की ठसा मिळतो. गटांनी ठसे बदलायचे आणि दुसऱ्याचा लेख वाचून संहिता, म्हणजे वाचलेल्या मजकुराची शिस्तशीर प्रत, तयार करायची: संशयित अक्षर चौकोनी कंसात, दुरुस्ती गोल कंसात, गळालेलं अक्षर तारांकित चौकोनी कंसात. वाकाटकांच्या लेखांचं वा. वि. मिराशी यांचं संपादन १९६३ साली प्रसिद्ध झालं. ग्रंथालयात असेल तर त्याची दोन पानं समोर ठेवा, पद्धत लगेच कळते.

इथे चुकांची यादी करायला लावा. ओळीच्या शेवटी दाटीवाटी झालेली अक्षरं. एकाच शब्दावर नजर परत गेल्यानं गळालेला अख्खा तुकडा. विसरलेला काना. अशाच प्रकारच्या चुका खऱ्या ताम्रपटांत सापडतात, हे मूळ संहितेच्या तळटिपांतून दाखवा. 'लेखक अडाणी होता' असं म्हणणारा विद्यार्थी स्वतःची यादी पाहून जरा सावध होतो.

प्रत्यक्ष दर्शनासाठी सिव्हिल लाइन्समधला अजब बंगला, म्हणजे १८६३ सालचं मध्यवर्ती संग्रहालय, आणि रामटेकचं केवल-नरसिंह मंदिर, जिथे भिंतीवर वाकाटककालीन लेख आहे. जायचं ते सहावी तासिका झाल्यावर. आधी नेलं तर पोरं सेल्फी काढून परततात. संरक्षित स्मारकावर कागद ठेवून घासायला परवानगी लागते, हे बसमध्येच बजावा. आदल्या आठवड्यात ठसे काढून हात शिवशिवत असतात.

गुण कसे द्यावेत

अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण धरले तर निर्णयवहीला ८, दुसऱ्या गटाच्या लेखाच्या संहितेला ६, तीनशे शब्दांच्या टिपणाला ६. वस्तूच्या देखणेपणाला शून्य, आणि हे पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर चित्रकलेत तरबेज दोघं सगळ्या वर्गाचं काम करून देतात. निर्णयवहीत रोज तीनच ओळी हव्यात: काय ठरवलं, काय बिघडलं, का. 'खूप मजा आली' ही ओळ गुण न देता परत करा.

टिपणासाठी 'ताम्रपटाचे महत्त्व' असा विषय देऊ नका, उत्तर आंतरजालावर तयार असतं. 'तुमच्या मुद्रांकाची मागची बाजू काय सांगते?' असा द्या. हे उत्तर ज्यानं वस्तू केली त्यालाच लिहिता येतं.

सगळं झाल्यावर प्रत्येक भाजायच्या तुकड्याच्या मागे, माती ओली असतानाच, दाभणानं 'प्रतिकृती' आणि साल कोरलेलं आहे ना, ते तपासा. तांब्याच्या पत्र्यावर मागच्या कोपऱ्यात तेच. कोरायचं विसरलं असेल तर तो तुकडा बाहेर जाऊ देऊ नका. तांबं काही वर्षांत काळवंडतं, हिरवंही पडतं, घर बदलताना पेटीत सापडतं, आणि मग कुणीतरी ते पुराणवस्तू म्हणून घेऊन येतं.